शब्बाथचा उपवास आणि उपवासाची परतफेड

उपवास आणि पवित्र दिवस यांची सांगड आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिचा वेगळा विचार करण्याची गरज सहसा भासत नाही. एकादशी पवित्र, म्हणून त्या दिवशी उपवास. आणि उपवास घडला नाही तर त्या दिवसाचे पावित्र्य पाळले गेले नाही, अशी आपली समजूत असते. यहुदी धर्मशास्त्राकडे, म्हणजे हिब्रू भाषेत ज्याला 'हलाखा' म्हणतात त्याकडे, वळणाऱ्या अभ्यासकाला ही सांगड प्रथम सोडवून ठेवावी लागते. शब्बाथ हा आठवड्यातील सर्वांत पवित्र दिवस; आणि नेमक्या याच कारणास्तव त्या दिवशी उपवास करण्यास मनाई. तथापि या मनाईला एक अपवाद आहे, आणि तो अपवाद शास्त्राने मोकळ्या हाताने दिलेला नाही. अपवादाचा लाभ घेणाऱ्याला शास्त्र परवानगी देते आणि त्याच वेळी त्याच्या नावावर कर्जही लिहून ठेवते. हे कर्ज फेडायचे ते दुसऱ्या उपवासाने. या दुसऱ्या उपवासाला 'तआनित ले-तआनितो', म्हणजे 'आपल्या उपवासासाठी उपवास', असे नाव आहे. एखादे कृत्य विहित असूनही कर्त्याला ऋणी करून सोडते, हे कसे काय, हा या लेखाचा विषय आहे.

प्रारंभीच एका जुन्या गैरसमजाचा निर्देश केला पाहिजे. यहुदी लोक शब्बाथला उपवास करतात असे रोमन जगातील कित्येक लेखक धरून चालत. सम्राट ऑगस्टसने तिबेरियसला लिहिलेल्या एका पत्रात, आज मी जितका कडकडीत उपवास केला तितका एखादा यहुदीही शब्बाथला करीत नसेल, अशा आशयाची थट्टा केल्याचे सुएटोनियस नमूद करतो. मार्शल या कवीनेही आपल्या एका उपरोधिक कवितेत शब्बाथ पाळणाऱ्या स्त्रियांच्या उपवासाचा उल्लेख केला आहे. त्या दिवशी चूल पेटत नाही, व्यवहार बंद असतात, एवढे बाहेरच्या माणसाला दिसत असावे. आणि चूल बंद म्हणजे उपवास, असा तर्क त्याने केला असावा. आदल्या दिवशी शिजवून ठेवलेल्या अन्नाची गोष्ट रस्त्यावरून जाणाऱ्याला कशी कळणार? विधी बाहेरून पाहणारा माणूस त्याचा अर्थ आपल्या सवयीच्या चौकटीत बसवतो, याचे हे एक ठळक उदाहरण होय. आणि आपणही तोच धोका पत्करून हा विषय वाचीत आहोत, हे विसरता कामा नये.

मनाईचा शास्त्राधार दोन ठिकाणी सापडतो. निर्गम ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात अरण्यातील मान्न्याची कथा आहे. सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना मिळाला; सातव्या दिवशी मोशेने लोकांना साठवलेले खाण्यास सांगितले. त्या एका वचनात 'आज' हा शब्द तीन वेळा येतो, आणि त्यावरून ताल्मूदने शब्बाथला तीन भोजने आवश्यक ठरवली. दुसरा आधार यशया ग्रंथाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातील तेराव्या वचनाचा. तेथे शब्बाथला आनंद, हिब्रूत 'ओनेग', असे म्हणावे असा उपदेश आहे. यावरूनच 'ओनेग शब्बाथ' ही संज्ञा रूढ झाली. उत्तम भोजन, दीप, स्वच्छ वस्त्रे आणि विश्रांती या सर्वांचा तीत समावेश होतो. मौज अशी की यशयाचा हा अध्याय मूलतः उपवासावरचाच आहे. आम्ही उपवास केला तरी देवाने पाहिले का नाही, अशी लोकांची तक्रार. त्यावर, भुकेल्याला भाकरी द्या, बंधने सोडवा, हाच मला हवा असलेला उपवास, असे उत्तर. आणि अध्यायाच्या शेवटी शब्बाथच्या आनंदाची आज्ञा. उपवासाची मीमांसा आणि शब्बाथचा आनंद ही दोन्ही एकाच अध्यायात शेजारी शेजारी उभी आहेत. योम किप्पुर या महाउपवासाच्या सकाळी प्रार्थनामंदिरात हाच भाग वाचला जातो.

दुसऱ्या मंदिराच्या काळातील वाङ्मयात या मनाईची कठोरता कमीअधिक दिसते. युदीथच्या कथेत नायिका वैधव्याच्या काळात रोज उपवास करते. परंतु शब्बाथ आणि शब्बाथची पूर्वसंध्या, चंद्रदर्शनाचे दिवस आणि सण तेवढे वगळते. कथाकाराने हे तपशिलाने सांगितले आहे. नायिकेची धर्मनिष्ठा तिच्या उपवासांइतकीच ती कोणत्या दिवशी उपवास करीत नाही यावरूनही सिद्ध व्हावी, असा त्याचा हेतू दिसतो. 'ज्युबिलींचा ग्रंथ' मात्र याहून पुष्कळ पुढे जातो. शब्बाथला उपवास करणाऱ्याला तो युद्ध करणाऱ्याच्या पंक्तीला बसवतो आणि दोघांनाही मृत्युदंड सांगतो. कैरो येथील गनीझात सापडलेल्या आणि १९१० मध्ये शेख्टर यांनी प्रसिद्ध केलेल्या 'दमास्कस लेखा'तही या विषयाशी निगडित असलेले एक वाक्य आहे, परंतु त्याचा पाठ वादग्रस्त आहे. हस्तलिखितात क्रियापद आहे ते 'मिसळणे' या अर्थाचे. मनुष्याने शब्बाथला स्वेच्छेने 'मिसळू' नये, असा काहीसा दुर्बोध अर्थ त्यातून निघतो. दोन अक्षरांची अदलाबदल झाली असे मानले तर ते क्रियापद 'उपाशी राहणे' असे वाचता येते, आणि वाक्य एकदम अर्थपूर्ण होते. काही विद्वानांनी ही दुरुस्ती सुचवली आहे. प्रस्तुत लेखकाला ती मोहक वाटते. परंतु मोहक दुरुस्ती स्वीकारताना जितके सावध असावे तितके असलेले बरे, कारण आपल्याला अपेक्षित असलेले वाक्य मिळाले की पाठ शुद्ध झाला असे वाटू लागते.

रब्बींच्या परंपरेत मनाई कायम राहिली, परंतु मृत्युदंडाचे नाव उरले नाही. सार्वजनिक उपवास शब्बाथशी जुळून आले तर ते सरकवायचे, हा नियम पंचांगातच गोवला गेला. आब महिन्याच्या नवमीचा, म्हणजे जेरूसलेमच्या मंदिरांच्या विध्वंसाच्या स्मृतीचा, उपवास शनिवारी आला तर तो रविवारी पाळतात. ६ ऑगस्ट २०२२ रोजी नवमी शनिवारी आली तेव्हा उपवास ७ ऑगस्टला झाला. एस्तेरचा उपवास मात्र पुढे न ढकलता मागे, गुरुवारी, आणतात. कारण रविवारी पुरीमचा सण असतो. कोकणातील बेने इस्राएल समाजात आबच्या नवमीच्या उपवासाला 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडण्याची रीत होती. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या तेल्यांना शेजारी 'शनिवार तेली' म्हणून ओळखत. उपवासाला सण म्हणण्याची ही बोली मराठीच्या कानाला मुळीच खटकत नाही, यातच दोन संस्कृतींच्या मिश्रणाचा सूक्ष्म पुरावा आहे.

शब्बाथपुढे मान न झुकवणारा सार्वजनिक उपवास एकच : योम किप्पुर, बेने इस्राएलांचा 'दरफाळणीचा सण'. लेवीय ग्रंथाने त्याला शब्बाथांचा शब्बाथ म्हटले असल्याने तो शनिवारी आला तरी पाळला जातो. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी तसेच घडले. त्या दिवशी अन्न वर्ज्य असले तरी ओनेगचा भंग झाला असे कोणी मानीत नाही आणि त्यासाठी नंतर परतफेडही सांगितलेली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे.

वैयक्तिक उपवासाची गोष्ट वेगळी. येथे नियमाची धार किती बारीक आहे ते पाहण्याजोगे आहे. शब्बाथला सहा तास उलटेपर्यंत, म्हणजे मध्याह्नापर्यंत, उपाशी राहणे हाही निषिद्ध उपवासच होय. याचे मूळ जेरूसलेम ताल्मूदात आहे. उपवासाचा संकल्प नसला तरी हरकत. अध्ययन आणि प्रार्थना यांत वेळ गेला तरी हरकत. धर्मकृत्यांत तल्लीन होऊन जेवायला विसरणारा भक्त आपल्याकडे कौतुकाचा विषय झाला असता. हलाखा त्याला घड्याळ दाखवते.

अशा चौकटीत अपवाद आला तो स्वप्नाच्या वाटेने. बाबिलोनी ताल्मूदात रब या आचार्याच्या नावाने एक मत नोंदले आहे की दुःस्वप्नावर उपवास हा तागाच्या तंतूंवर विस्तव पडावा तसा परिणामकारक असतो. त्यावर रब हिस्दाने पुस्ती जोडली : मात्र त्याच दिवशी. आणि रब योसेफने दुसरी पुस्ती जोडली : शब्बाथ असला तरीही. या तीन विधानांची साखळी नीट उलगडली म्हणजे अपवादाचे मर्म कळते. वैयक्तिक उपवास करायचा तर आदल्या दिवशीच्या दुपारच्या प्रार्थनेच्या वेळीच त्याचा संकल्प करावा लागतो. स्वप्न रात्री पडते. तेव्हा संकल्पाची वेळ उलटून गेलेली असते. म्हणून स्वप्नोपवासाला पूर्वसंकल्पाची अट लागू नाही. दुसरे असे की सामान्य उपवास 'उसना' घेता येतो : आज काही अडचण आली तर आज जेवावे आणि दुसऱ्या दिवशी तो फेडावा. स्वप्नोपवासाला ही सवलत नाही, कारण स्वप्नाचा विस्तव त्या दिवशीच विझवायचा असतो. तो पुढे ढकलता येत नसल्यामुळेच शब्बाथचा प्रश्न उपस्थित होतो. ढकलता येत असता तर शब्बाथचा मान राखून रविवारी उपवास केला असता आणि हा सारा ऊहापोह निर्माणच झाला नसता.

उसनवारीचा हा भेद ताल्मूदने एका प्रसंगातून दाखवला आहे. रब इदीचा पुत्र रब येहोशुआ हा रब अशीच्या घरी आला. यजमानांनी त्याच्यासाठी उत्तम वासराचे मांस रांधले आणि थोडे चाखण्याचा आग्रह केला. उपवास आहे, असे तो म्हणाला. मग उसना घ्या आणि नंतर फेडा, असे यजमानांनी सुचवले. उपवास असा उसना घेता येतो असे मत रब येहुदाने दिलेच होते. त्यावर पाहुण्याने, हा स्वप्नोपवास आहे, एवढे सांगितले, आणि आग्रह तेथेच थांबला. शब्बाथचा येथे संबंध नाही. पण 'उसने' आणि 'फेड' हे शब्द ध्यानात ठेवावेत. उपवासाकडे देवघेवीच्या भाषेत पाहण्याची ताल्मूदची ही पद्धत पुढच्या वचनात अधिक गंभीर रूपाने अवतरते.

ते वचन बेराखोथ या प्रकरणात हन्नाच्या प्रार्थनेच्या विवेचनात आले आहे. रब्बी एलाझार हे रब्बी योसे बेन झिम्रा यांच्या नावाने सांगतात की जो शब्बाथला उपवास करतो त्याच्याविरुद्धचा सत्तर वर्षांचा निवाडा फाडून टाकला जातो. आणि असे असूनही शब्बाथच्या आनंदाच्या हिशेबाची वसुली त्याच्याकडून पुन्हा केली जाते. मग त्याने करावे काय? रब नहमान बार यित्झहाक उत्तर देतो की त्याने आपल्या उपवासासाठी आणखी एक उपवास करावा. मध्ययुगीन टीकाकारांनी हे वचन स्वप्नोपवासालाच लावले. सामान्य उपवास शब्बाथला मुळात निषिद्धच असल्याने त्याने निवाडा फाटेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता.

या लहानशा वचनात दोन न्यायालये आहेत असे म्हटले तरी चालेल. पहिल्यात माणूस आरोपी आहे : आयुष्यभराचा निवाडा लिहिला गेला आहे आणि तो उपवासाच्या असाधारण क्लेशाने रद्द होतो. सर्व जग आनंद करीत असताना एकट्याने उपाशी बसणे हे सोपे नव्हे. त्या क्लेशाची किंमत म्हणूनच मोठी. दुसऱ्यात तोच माणूस ऋणको आहे. मूळ क्रियापद धनकोने ऋणकोकडून वसुली करण्याचे आहे. पहिल्या न्यायालयात तो जिंकला म्हणून दुसऱ्यातील दावा निकालात निघत नाही. ज्या कृत्याने तो सुटला त्याच कृत्याने तो बांधला गेला आहे. 'असे असूनही' या शब्दांवर वचनाचा सारा भार आहे. मूळ मांडणीत या शब्दांनंतर उपाय नव्हताच. तो पुढच्या काळातील एका आचार्याने विचारलेल्या प्रश्नातून आला.

प्रत्यक्ष आचरण कसे असते तेही पाहावे, कारण 'दोन दिवसांचा उपवास' असा शब्दप्रयोग केल्याने चुकीचे चित्र उभे राहते. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शुक्रवारी रात्रीचे पहिले भोजन झालेले असते. स्वप्न त्यानंतर पडते. म्हणजे उपवास होतो तो शनिवारच्या दिवसाचा, आणि तीन भोजनांपैकी दोन चुकतात. नक्षत्रे दिसल्यावर शब्बाथ मावळतो. द्राक्षरसावर 'हवदाला' हा समारोपाचा विधी करून उपवास सोडता येतो. शनिवारची रात्र मोकळी असते. रविवारी पहाटेपासून दुसरा उपवास सुरू होऊन सायंकाळी संपतो. तेव्हा अखंड अठ्ठेचाळीस तास उपाशी राहण्याचा प्रश्न नाही. तरीही ओळीने दोन दिवस अन्नावाचून काढणे सर्वांना झेपणारे नव्हे, याची शास्त्रकारांना जाणीव होती. तिच्याकडे पुढे येऊ.

रविवारच्या निवडीत आणखी एक बोच आहे. मंदिराच्या काळी बलिदानाच्या वेळी लोकांचे प्रतिनिधी म्हणून ज्या तुकड्या नेमलेल्या असत त्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार उपवास करीत, असे मिश्ना सांगते. शुक्रवारी शब्बाथच्या मानार्थ नाही. आणि रविवारी नाही ते अशासाठी की विश्रांती आणि आनंद यांतून एकदम कष्ट आणि उपवास यांत पडून माणसे दगावू नयेत. म्हणजे रविवार हा उपवासाला गैरसोयीचा दिवस हे परंपरेला ठाऊक होते. तरीही परतफेडीला तोच दिवस दिला गेला. आमच्या मते यात विसंगती नाही : ज्याने शनिवारी आनंद भोगलाच नाही त्याला आनंदातून क्लेशात पडण्याचा धोका तरी कोठला? शिवाय वसुली शक्य तितक्या लवकर चुकती करावी हा कर्जाच्या व्यवहारातील साधा शिष्टाचार येथेही दिसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ओनेग, म्हणजे आनंद, बुडाला. त्याची भरपाई उपवासाने, म्हणजे आणखी क्लेशाने, कशी होईल? देणे आनंदाचे असेल तर रविवारी मेजवानी करावी, हे व्यापारी तर्काला अधिक धरून झाले असते. पण असे कोणी सुचवलेले नाही. कारण उघड आहे. शब्बाथचा आनंद हा त्या दिवसाला चिकटलेला असतो. रविवारचे पक्वान्न हे नुसते पक्वान्न. बुडालेला आनंद परत करता येत नाही, म्हणून देणेकऱ्याला स्वतःच्या पदरचे काहीतरी द्यावे लागते, आणि उपवास हे त्याच्या पदरचे परिचित नाणे आहे. याच नाण्याने त्याने शनिवारी निवाडा सोडवून घेतला होता. त्याच नाण्याने तो रविवारी कर्ज फेडतो.

परंतु शास्त्राने परवानगी दिली असता कर्ज का उरावे? येथे हलाखेतील एक जुना भेद उपयोगी पडतो. मंदिरातील अशौचाच्या चर्चेत ताल्मूदने विचारले आहे की विशिष्ट प्रसंगी निषेध पूर्णपणे उठतो, की तो जागेवरच असतो आणि अधिक बलवान कर्तव्यापुढे केवळ बाजूला सारला जातो. पहिल्या प्रकारात निषेधाचा मागमूस उरत नाही. दुसऱ्यात तो उरतो, वाट पाहतो. योम किप्पुर शनिवारी आला असता अन्नाचा निषेध हा त्या दिवसाच्या पावित्र्याचाच भाग असतो. तेथे बाजूला सारण्यासारखे काही नाही, म्हणून कर्जही नाही. स्वप्नोपवासात ओनेगची आज्ञा जिवंतच राहते. या उपपत्तीला एक मर्यादा मात्र आहे. प्राण वाचवण्यासाठी शब्बाथचे नियम मोडणे हे कर्तव्य आहे आणि त्यासाठी कोणी वसुली सांगितलेली नाही. मग दुःस्वप्न पडलेल्या माणसाचा प्राणही संकटातच नाही का? उत्तर असे द्यावे लागेल की बुडणाऱ्याला वाचवणारा शब्बाथ मोडतो तो दुसऱ्यासाठी, आणि बुडणे डोळ्यांना दिसते. स्वप्नाचे संकट माणसाच्या स्वतःच्या मनात असते. त्याचा साक्षीदार तोच, आणि त्यावरचा निर्णयही त्याचाच. अशा ठिकाणी शास्त्राने परवानगी द्यावी पण ती फुकट देऊ नये, यात शहाणपण आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हे स्पष्टीकरण आमचे आहे, ताल्मूदचे नव्हे.

मैमोनिदीस, म्हणजे मोशे बेन मैमोन (११३८–१२०४), याने आपल्या 'मिश्ने तोरा' या संहितेत हा विषय उपवासाच्या नियमांच्या पहिल्याच अध्यायात घेतला आहे. त्याच्या मांडणीत एक सूचक बदल दिसतो. वाईट स्वप्न पाहणाऱ्याने दुसऱ्या दिवशी उपवास करावा, तो अशासाठी की त्याने जागे व्हावे, आपली कृत्ये तपासावीत आणि पश्चात्तापाने परतावे. शब्बाथलाही असा उपवास करावा. आणि शब्बाथला उपवास करणाऱ्याने ओनेग बुडवल्याबद्दल दुसऱ्या दिवशी उपवास करावा. सत्तर वर्षांच्या निवाड्याचा उल्लेख येथे नाही, तागाचा आणि विस्तवाचाही नाही. स्वप्न ही आकाशातून आलेली शिक्षेची नोटीस न राहता आत्मपरीक्षणाचे निमित्त बनली आहे. आचरण तेच, अर्थ बदलला. तत्त्वज्ञ-धर्मशास्त्रकाराने परंपरेतील एकही नियम न काढता तिची उपपत्ती कशी पालटावी, याचा हा नमुना आहे. परतफेडीचे कारण मात्र त्याने स्पष्ट शब्दांत ठेवले, आणि पुढील संहिताकारांनी ते तसेच उचलले.

योसेफ कारो (१४८८–१५७५) याचा 'शुल्हान आरूख' १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. त्यातील 'ओराह हायीम' या खंडाचे दोनशे अठ्ठ्याऐंशीवे प्रकरण या विषयाला वाहिलेले आहे. ते वाचताना एक गमतीची गोष्ट लक्षात येते : परवानगी दिली जाते आणि लगेच तिच्याभोवती कुंपण घालण्यास सुरुवात होते. निवाडा फाटावा म्हणून शब्बाथला स्वप्नोपवास करण्यास मुभा आहे, रविवारी उपवास करावा. येथपर्यंत जुनी परंपरा. मग मते येतात. काहींच्या मते तेच स्वप्न तीन वेळा पडले असेल तरच हा उपवास करावा. आणखी काहींच्या मते आजच्या काळी शब्बाथला स्वप्नोपवास करूच नये, कारण कोणते स्वप्न चांगले आणि कोणते वाईट हे ओळखण्याची विद्या आपल्यापाशी उरलेली नाही. त्यानंतर लोकरूढी नोंदली आहे : तीन स्वप्नांवर शब्बाथलाही उपवास करतात. पेटलेला तोराग्रंथ, योम किप्पुरच्या समारोपाच्या प्रार्थनेची वेळ, घराचे वासे किंवा आपले दात पडणे. मग पुन्हा फाटे फुटतात. योम किप्पुर कोणत्याही वेळचा दिसला तरी चालेल, असे कोणी म्हणतो. तोरा वाचताना दिसणे, विवाह करताना दिसणे हीही अशुभ स्वप्ने, असे आणखी कोणी म्हणतो. दात पडले तरच अशुभ. जबडा पडला तर ते स्वप्न शुभ, कारण आपल्याविरुद्ध मसलत करणारे मेले असा त्याचा अर्थ.

दातांचे स्वप्न आकस्मिक नाही. ताल्मूदात बार हेद्या नावाच्या स्वप्नपाठकाची कथा आहे. अब्बाये आणि रब्बा या दोन आचार्यांना पडलेली स्वप्ने एकच; परंतु अब्बायेने मोबदला दिला म्हणून त्याला शुभ फल सांगितले जाई, रब्बाने दिला नाही म्हणून त्याला अशुभ. रब्बाला दात पडल्याचे स्वप्न दिसले तेव्हा तुझी मुले मरतील असे फल मिळाले. स्वप्न हे पाठकाच्या तोंडामागून जाते, असा सिद्धांत याच प्रकरणात आहे. आणि न उलगडलेले स्वप्न हे न वाचलेल्या पत्रासारखे, असे रब हिस्दाचे म्हणणेही त्याच प्रकरणात आहे. पत्रच वाचले नाही तर त्यातील बातमी लागू होत नाही. हाच रब हिस्दा दुःस्वप्नावर त्याच दिवशी उपवास सांगणारा, हे विसरू नये. एकाच माणसाला पत्र उघडूही नये असे वाटते, आणि उघडलेच गेले तर दिवस मावळण्याच्या आत उत्तर धाडावे असेही वाटते.

उपवासाहून सौम्य असा आणखी एक मार्ग ताल्मूदने दिला आहे. स्वप्नाने अस्वस्थ झालेल्या माणसाने तिघा जणांना बोलवावे, त्यांच्यासमोर आपण चांगले स्वप्न पाहिले असे म्हणावे, आणि त्या तिघांनी ते चांगलेच आहे, चांगलेच होवो, असा दुजोरा द्यावा. स्वप्न तोंडामागून जाते तर तोंडांची संख्या वाढवावी, असा हा सरळ उपाय. यात कोणाचा आनंद बुडत नाही आणि कर्जही होत नाही. शब्बाथच्या स्वप्नोपवासाविषयी उत्तरोत्तर वाढलेला संकोच पाहता या मार्गाचे महत्त्व सहज कळते.

कारोच्या त्याच प्रकरणात आणखी दोन प्रकारची माणसे भेटतात. एक ज्याला अन्नाने अपाय होतो आणि न खाण्यातच सुख वाटते. त्याने खाऊ नये. दुसरा जो रोज उपवास करतो आणि सवय मोडल्यामुळे ज्याला शब्बाथचे जेवण हाच त्रास होतो. काही भक्तिमान पुरुषांनी याच कारणाने शब्बाथलाही उपवास केला असे म्हणतात, असे कारो लिहितो आणि रेगेन्सबुर्ग येथे १२१७ मध्ये निवर्तलेल्या येहुदा हे-हसीद याचे नाव घेतो. ताल्मूदातील रबिनाचा पुत्र मार याचीही आठवण येथे व्हावी. तो शाबुओथ, पुरीम आणि योम किप्पुरची पूर्वसंध्या एवढे दिवस सोडून वर्षभर उपवास करी. अशा माणसांच्या बाबतीत ओनेगची व्याख्याच उलटते. आनंद म्हणजे पंक्तीतील पक्वान्न नव्हे, तर त्या माणसाला जे सुखावेल ते. मोशे इस्सर्लेस याने आपल्या टीपांत हीच दिशा धरली आहे : ज्याला रडण्याने बरे वाटते त्याने शब्बाथला रडण्यास हरकत नाही. पण मग एक पेच निर्माण होतो. स्वप्नाने व्याकुळ झालेल्या माणसाला उपवासानेच हायसे वाटते, म्हणून परवानगी, असे म्हटले तर त्याचा ओनेग बुडाला कोठे? आणि बुडाला नसेल तर रविवारचा उपवास कशाबद्दल? संहितेने हा पेच सोडवला नाही. तिने परवानगीही ठेवली आणि परतफेडही ठेवली.

या संदिग्धतेचे मूळ खोल आहे असे वाटते. उपवास हे पुण्य की पाप, यावरच ताल्मूदात मतभेद आहे. शमुएलच्या मते उपवास करणारा पापी ठरतो. आधार नाझीराचा, ज्याला व्रतसमाप्तीच्या वेळी पापार्पण करावे लागते, आणि ते अशासाठी की त्याने द्राक्षरसापासून स्वतःला वंचित केले. रब्बी एलाझारच्या मते तोच उपवास करणारा पवित्र म्हणवतो. शब्बाथच्या स्वप्नोपवासात ही दोन्ही मते एकाच दिवशी, एकाच माणसाच्या ठायी खरी ठरतात.

ज्याची शक्ती दोन दिवस टिकणार नाही त्याच्यासाठी कारोने मार्ग ठेवला आहे : त्याने रविवारी न करता पुढे कधीतरी परतफेडीचा उपवास करावा. रविवारी नवचंद्राचा दिवस, हनुक्का किंवा सण असेल तरीही तो पुढे ढकलायचा. पहिला उपवास उसना घेता येत नव्हता, तो त्याच दिवशी व्हायलाच हवा होता, शब्बाथ मोडून का होईना. दुसऱ्याला मात्र मुदत मिळते. स्वप्नाला थांबता येत नाही; शब्बाथला येते.